द्वादशी ते पौर्णिमा : खाडीकाठचे चार दिवस

ठाणे खाडी आणि तिच्या आसपासची ही सहल तारखेवर आखता येत नाही, तिला पंचांग लागतं. फाल्गुन शुद्ध द्वादशी ते पौर्णिमा हे चार दिवस निवडले, कारण या दिवसांत भरती सकाळच्या उजेडात येते आणि ओहोटी दुपार कलल्यावर. भरलेली खाडी आणि उघडी पडलेली खाडी, दोन्ही एकाच दिवसात बघायला मिळतात. शिवाय मार्चमध्ये मिठागरं चालू असतात, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अजून मुक्कामाला असतात, बोंबील वाळत असतात. आणि समुद्राकडचा वारा यायला उशीर झाला तर ठाण्याचं काय होतं, हेही याच महिन्यात अंगावर कळतं.

निघण्याआधी कोळीवाड्यातलं एक गणित पाठ करून ठेवावं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबई बंदरातल्या भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, द्वादशीला 9. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण ढोबळ बेत आखायला मोबाईल लागत नाही. होडीत बसायचं असेल तर मात्र छापील कोष्टक बघायचंच. ते कोष्टक अपोलो बंदरचं असतं आणि खाडी सुमारे 26 किलोमीटर आत शिरलेली आहे, त्यामुळे ठाण्याला पाणी त्याहून उशिरा चढतं.

पहिला दिवस, द्वादशी : मीठबंदर आणि चेंदणी

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरून चेंदणी कोळीवाड्यातून मीठबंदराकडे चालत जाता येतं. नावातच इथला जुना व्यापार आहे. उत्तरेला कळव्याच्या बाजूचे पूल दिसतात. रेल्वे 1853 मध्ये ठाण्यापर्यंत आली आणि 1854 मध्ये खाडी ओलांडून पुढे गेली. इथून वर खाडी एवढी अरुंद आणि गाळानं भरलेली आहे की उल्हास नदीशी तिचा संबंध एका चिंचोळ्या वाटेपुरता उरला आहे. वरून गोडं पाणी जवळपास येत नाही. पावसाळा सोडला तर या खाडीत जे पाणी आहे ते समुद्राचंच.

पहिल्या दिवशी बघायचा तो वारा. काठावरच्या होड्यांवर बावटे असतात, त्यांच्याकडे नजर ठेवायची. सकाळी बावटा समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला फडकत असतो. हा जमिनीवरून येणारा मतलई वारा. जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घ्यायला आत येते. दुपारच्या आसपास बावटा एकदम मरगळतो, काही वेळ लोंबतो आणि मग उलट्या अंगाला वळतो. खारा वारा आला. पुढच्या तासाभरात चढता पारा थांबतो.

समुद्र जमिनीइतका का तापत नाही? एक किलो पाणी एका अंशानं तापवायला 4.18 किलोज्यूल उष्णता लागते, कोरड्या मातीला त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. शिवाय मातीत ऊन बोटभर खोलीतच अडकतं, पाण्यात ते खोल उतरतं आणि लाटा ते आणखी खाली घुसळून नेतात. समुद्राच्या वरच्या तीनेक मीटर थरात जेवढी उष्णता मावते तेवढी पृथ्वीच्या सगळ्या वातावरणात मिळून मावते. म्हणूनच कोळसा, डिझेल आणि वायू जाळून माणसानं वाढवलेल्या उष्णतेतला 90 टक्क्यांहून जास्त भाग समुद्रानं पोटात घेतला आहे आणि आपल्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्साही. हे उपकार फुकट नाहीत, ते तिसऱ्या दिवशी उत्तनला दिसतं.

बावटा वळायला उशीर झाला की काय होतं? मार्चमध्ये कधीकधी पूर्वेकडचा कोरडा वारा जोर धरतो आणि खाऱ्या वाऱ्याला दुपारी दोन-तीनपर्यंत आत शिरू देत नाही. एरवी 33 अंशांच्या घरात राहणारं कमाल तापमान मग 38-40 वर जातं. सांताक्रूझला 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंश नोंदले गेले. ठाणे, कळवा, ऐरोली या पट्ट्याला त्याचा जास्त त्रास होतो, कारण खारा वारा मुंबई ओलांडून इथे पोचतो. म्हणून या महिन्यात काठावरचं चालणं अकराच्या आत उरकावं आणि पुन्हा चारनंतर निघावं. बावटा दुपारी एकपर्यंत पश्चिमेलाच फडकत असेल तर त्या दिवशी सावली सोडू नये.

संध्याकाळच्या ओहोटीत मीठबंदराचा चिखल उघडा पडतो. निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, शेपटीनं टुणटुणत बाहेर येतात. ओल्या त्वचेतून आणि तोंडात धरलेल्या पाण्या-हवेतून त्या श्वास घेतात, त्यामुळे अंग ओलं आहे तोवर त्यांना पाणी सोडून राहता येतं. खाडीकाठी निवटीचं कालवण आवडीनं खातात. पण या टोकाला सांडपाणी फार आणि समुद्राचं पाणी पुरतं बदलून जात नाही, म्हणून इथली मासळी दक्षिणेकडच्यापेक्षा कमी.

दुसरा दिवस, त्रयोदशी : ऐरोली

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो अभयारण्यात होडी जाते. 2015 साली घोषित झालेल्या या अभयारण्याचं क्षेत्र 1690 हेक्टर, त्यातलं निम्म्याहून जास्त तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं रान. 2022 पासून ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहे.

होडीची वेळ चुकली की दिवस वाया जातो. पूर्ण ओहोटीत होडी चिखलात बसते. पूर्ण भरतीत चिखल बुडतो आणि पक्षी उडून नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर जाऊन थांबतात. त्रयोदशीचं बंदरातलं गणित पावणेदहा, इथे त्याहून उशिरा. पाणी ओसरायला लागून दीड-दोन तास झाले की चिखलाची कड उघडी पडते, पक्षी परत येतात आणि होडीखाली अजून पुरेसं पाणी असतं. ही वेळ साधायची. टोपी, लांब बाह्यांचा सदरा आणि दुर्बीण हवी. भडक रंग नकोत.

छोटा रोहित चोच उलटी करून पाण्यात धरतो. जीभ पंपासारखी चालवून पाणी आत घेतो, बाहेर फेकतो आणि चोचीच्या कडेच्या झालरीत अडकलेलं बारीक शेवाळ गिळतो. त्याचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. पक्षी ज्या शेवाळावर जगतात ते सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर माजतं, त्यामुळे रोहितांची गर्दी म्हणजे खाडी निरोगी असल्याचं प्रमाणपत्र नव्हे. हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

पण ऐरोलीला खरा वेळ द्यावा तो तिवराला. लाकडी वाटेवर उभं राहून एक पान उलटं करून बघा. पाठ पांढुरकी, मऊ लव असलेली. सकाळी ऊन चढायच्या आत तिच्यावर साखरेच्या कणाएवढे मिठाचे दाणे चमकतात. जीभ लावली की खारट. मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात, जे आत शिरतं ते पान असं बाहेर टाकतं. खाली चिखलातून पेन्सिलीसारख्या हजारो मुळ्या वर आलेल्या असतात, वीतभरही उंच नसतात. त्यांना बारीक भोकं असतात आणि झाड त्यातून हवा घेतं, कारण चिखलात प्राणवायू नाही. भरतीत या मुळ्या बुडतात, ओहोटीत उघड्या पडतात. दिवसातून दोनदा त्यांना उघडं पडायलाच हवं.

तिवर कसं मरतं ते इथूनच समजतं. कुऱ्हाड लागतेच असं नाही. रस्त्याच्या भरावानं किंवा बांधानं भरतीची वाट अडली आणि पाणी आत साचून राहिलं तर मुळ्या बुडालेल्याच राहतात. झाड उभ्या उभ्या वाळतं. तेलाचा थर किंवा डेब्रिजची माती मुळ्यांवर बसली तरी तेच. उलट वाट बुजून पाणी यायचंच थांबलं तर चिखल भेगाळतो आणि क्षार वर येतात. म्हणून तिवरांच्या कोणत्याही पट्ट्याजवळ गेलात की आधी नाल्याची तोंडं आणि मोऱ्या मोकळ्या आहेत का ते बघा, झाडं नंतर.

त्या काळ्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधकाच्या वायूचा. प्राणवायू नसल्यामुळे पडलेलं पान पुरतं कुजत नाही. थरावर थर साठत जातात आणि पानातला कर्ब शतकानुशतकं तिथेच राहतो. तेवढ्याच जमिनीवरच्या डोंगरी जंगलापेक्षा खारफुटीत कर्ब कितीतरी जास्त असतो, आणि तो बहुतांश खोडात नव्हे तर या चिखलात. चिखल उकरला की हवा लागते आणि साठवलेला कर्ब वायू होऊन निघून जातो. दुसरीकडे रोपं लावून ही भरपाई एका पिढीत होत नाही.

तिसरा दिवस, चतुर्दशी : भाईंदरची मिठागरं, मग उत्तन

घोडबंदर रस्त्यानं गायमुख ओलांडून भाईंदर. हा दिवस लांबचा आहे, पण समुद्र पाऊस कसा करतो ते मिठागराच्या बांधावर उभं राहून जसं कळतं तसं कुठंच नाही.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार. उधाणाच्या भरतीत उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) काढून पाणी मोठ्या तळ्यात घेतात. तिथून ते एकामागून एक उथळ वाफ्यांतून फिरवतात. प्रत्येक वाफ्यात थोडं पाणी उडतं आणि उरलेलं घट्ट होतं. आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम. सुरुवातीला 3 अंश बोमे (खाऱ्या पाण्याचा घट्टपणा मोजायचं माप) असलेलं पाणी 25 च्या आसपास पोचलं की मीठ धरायला लागतं. तोवर दहा भागांतले नऊ भाग पाणी उडून गेलेलं असतं. मिठाच्या वाफ्याचा तळ हंगामाच्या सुरुवातीला पायांनी तुडवून सिमेंटसारखा घट्ट केलेला असतो, नाहीतर मीठ चिखलात माखतं. धरलेलं मीठ लाकडी फळीनं ओढून कडेला ढीग करतात. 29-30 अंशांच्या पुढे उरलेलं पाणी सोडून द्यायचं. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते राहिले तर मीठ कडवट होतं आणि हवेतलं पाणी ओढून सतत ओलं राहतं.

वाफ्याच्या कडेला बसून दाणा हातात घ्या. पाण्याच्या वर तरंगत वाढलेला दाणा पायऱ्या असलेल्या पोकळ उलट्या पिरॅमिडसारखा असतो. तळाला बसून वाढलेला चौकोनी आणि भरीव. वारा फार असला की तरंगते दाणे लवकर बुडतात आणि मीठ बारीक पडतं.

आता हिशोब. एक लिटर पाणी उडून जायला जी उष्णता लागते तेवढ्यात सुमारे 580 लिटर पाणी एका अंशानं तापलं असतं. ही उष्णता नाहीशी होत नाही, ती वाफेबरोबर प्रवासाला निघते. जूनमध्ये सोमालियाच्या किनाऱ्याजवळून विषुववृत्त ओलांडणारा जोरदार वारा सबंध अरबी समुद्रावरून हीच वाफ गोळा करत येतो. सह्याद्रीला धडकून वर चढतो, वाफेचं पाणी होतं आणि साठवलेली उष्णता ढगात मोकळी होते. मुंबईत मोसमी पाऊस पोचायची सर्वसाधारण तारीख 11 जून. मिठागरातली कामगार माणसं त्याआधीच ढीग झाकून ठेवतात. अवकाळी सर आली तर पावसाचं गोडं पाणी घट्ट खाऱ्या पाण्यावर तरंगतं. तेवढ्यात बांधाच्या वरच्या कडेनं ते काढून दिलं तर नुकसान थोडक्यात भागतं. उशीर झाला, वाऱ्यानं दोन्ही पाणी मिसळलं, की आठवड्यांची मेहनत पुन्हा 10-12 अंशांवर येते.

दुपारनंतर उत्तन. इथे वसईची खाडी संपते आणि थेट समुद्र सुरू होतो. वाऱ्यावर बांबूच्या वलांडींची रांगच रांग आणि त्यांवर बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि दोरीवर लंगोटासारखे टांगतात. सुतळी नाही, काटा नाही, त्यांचे वाकडे दातच कडीचं काम करतात. ताज्या बोंबलात दहा भागांतले जवळपास नऊ भाग पाणीच असतं. कडक ऊन आणि कोरडा वारा मिळाला तर तीनेक दिवसांत वाळतो. मळभ आलं, हवा दमट झाली की तो वाळण्याऐवजी नरम पडतो, माशी बसते आणि सगळी वलांडी उतरवून फेकावी लागते.

हे बोंबील डोलीचे. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात खुंटाला बांधून ठेवतात, होडी ते ओढत नाही. भरती-ओहोटीचा वेग मासे आत ढकलतो आणि पाणी थांबतं त्या थोड्या वेळात जाळं उचलायचं असतं. म्हणून डोलीचा धंदा उधाणाचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाण्याला वेग असतो, अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या छोट्या भरतीत, पाणी सुस्त आणि जाळंही रिकामं. ते दिवस जाळी शिवायचे. या घरांत सुट्टी रविवारी नसते, भांगाला असते.

पण समुद्र बदलतो आहे तो इथल्या माणसांच्या हिशोबाबाहेर. वादळ पोसायला समुद्राचा पृष्ठभाग 26.5-27 अंशांच्या वर लागतो. अरबी समुद्र एप्रिल-मेमध्ये आता त्याच्या बराच वर असतो. 3 जून 2020 ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला आदळलं. 17 मे 2021 ला तौक्ते मुंबईसमोरून उत्तरेला गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला. मे महिना म्हणजे मासेमारीबंदीच्या आधीची शेवटची कमाई. 1 जून ते 31 जुलै बंदी, माशांच्या विणीसाठी. तिचं महत्त्व कोळीवाडा जाणतो. पण वादळाच्या इशाऱ्यानं मेचे आठ-दहा दिवस गेले, परतीच्या पावसात ऑक्टोबरचं वाळवण गेलं, तर वर्षाचे कामाचे दिवस दोन्ही टोकांनी झिजतात. नुकसानभरपाईचे फॉर्म मोडलेल्या होडीचे असतात. न गेलेल्या फेरीचं आणि न वाळलेल्या बोंबलाचं मोजमाप कुणी करत नाही, ते व्हायला हवं.

चौथा दिवस, पौर्णिमा : वाशी ते बेलापूर

होळीचा दिवस. कोळीवाड्यांतला हा मोठा सण, होड्यांवर नवे बावटे चढलेले असतात.

नवी मुंबईचा बराच भाग खारजमिनीवर भराव घालून उभा आहे आणि काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. सिडकोनं ही अडचण ओळखून डच पद्धतीचे धारण तलाव ठेवले. पावसाचं पाणी नाल्यांतून तलावात येतं आणि तलावातून खाडीत जायच्या वाटेवर झडपा असतात. झडप म्हणजे वरच्या कडेला बिजागरीवर लोंबणारं जाड झाकण. आतलं पाणी उंच झालं की ते झाकण ढकलून बाहेर जातं. खाडीचं पाणी चढलं की तेच झाकण दाबून बंद करतं. वीज नाही, माणूस नाही. खारभूमीच्या बांधाला आगरी शेतकरी ज्या उघाड्या ठेवत आले, त्यांचंच हे मोठं रूप.

बिघाड कसा होतो? झाकणाच्या खालच्या ओठात एखादा ओंडका किंवा प्लास्टिकचा गुंता अडकतो. बोटभर फट राहते. प्रत्येक भरतीला तेवढ्या फटीतून गढूळ पाणी आत येतं, आत ते स्थिर होतं आणि गाळ खाली बसतो. वर्षानुवर्षं तळ चढतो, चढलेल्या तळावर तिवर रुजतं, आणि मग गाळ काढायला न्यायालयाची परवानगी लागते. झाडं वाचवणारा कायदा बरोबर आहे. चूक झाकणाचा ओठ वेळच्या वेळी न पुसण्यात आहे.

आकड्यात बघा. एक हेक्टर तलाव, मीटरभर जागा रिकामी, म्हणजे 10,000 घनमीटर. 10 हेक्टर वस्तीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की तेवढंच पाणी. तळाला 30 सेंटिमीटर गाळ बसला की 3000 घनमीटर पाण्याला जागा उरत नाही आणि ते रस्त्यावर येतं. पावसाळ्यात दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा मोठी असते, पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी बाराच्या सुमारास येते, उधाणाचा खरा जोर त्यानंतर एक-दोन दिवसांनी. त्या वेळी साडेचार मीटरच्या वर पाणी असेल तर झडपा तासन् तास बंद राहतात. त्यात सर आली तर सगळी भिस्त तलावातल्या रिकाम्या जागेवर.

समुद्राची पातळी 1901 पासून सरासरी 20 सेंटिमीटरनं वाढली आहे आणि 2006 ते 2018 या काळात वर्षाला 3.7 मिलिमीटरनं वाढत होती. बर्फ वितळतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण तापलेलं पाणी फुगतं हेही तेवढंच मोठं कारण. पातळी वाढली की झडप प्रत्येक भरतीला थोडी लवकर मिटते आणि थोडी उशिरा उघडते. नवी मुंबईत पाणी वाढणं म्हणजे आधी हेच. लाट घरात शिरण्याच्या कितीतरी आधी निचऱ्याची वेळ कमी होते.

सीवूड्सच्या पाणथळींवर दुपारी बाराला रोहितांचा थवा, भरती टळेपर्यंत एका पायावर. तिथून बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात. धक्क्याजवळ चिंबोऱ्या पकडायचे सापळे, म्हणजे फग, रचून ठेवलेले, आत आमिषाला माशांची डोकी बांधायची बाकी. पौर्णिमेचं पाणी फार वेगानं उतरतं. पाचच्या सुमारास धक्क्याखालचा चिखल लांबवर उघडा पडलेला असतो आणि होड्या कुशीवर कललेल्या असतात.

परतताना एका धारण तलावाच्या मोरीजवळ थांबावं. झडपेच्या बाहेरच्या अंगाला भरतीनं सोडलेली ओली रेघ छातीएवढ्या उंचीवर असते. झाकणाच्या खालच्या कडेतून आधी पाझर, मग तळहाताएवढी फट आणि मग सलग धार. झाकणाला अडकलेली एक निळी पिशवी धारेबरोबर फडफडते. लांब काठीनं ती ओढून काढली की लोखंड दगडावर एकदा आपटतं आणि आतलं पाणी मोकळं वाहू लागतं.